आरमध्ये वंशवृक्ष आणि तक्ता जुळेना: एरर, इशारे आणि नुसतीच चुकीची उत्तरं

दाजीपूरकर

नमस्कार मंडळी. राधानगरी, गगनबावडा, आंबा घाट, मसाई पठार आणि पुढं सह्याद्रीत इतरत्र मिळणाऱ्या बेडकांचा एक तक्ता आहे. ४६ प्रजाती आणि दोन मापं: शरीराची लांबी (एसव्हीएल, मिलिमीटरमध्ये) आणि हाकेची प्रमुख वारंवारता (किलोहर्ट्झमध्ये). मोठ्या बेडकाचा आवाज खर्जातला असतो का, हे नात्यागोत्याचा हिशेब धरून तपासायचं आहे. म्हणजे पीजीएलएस (प्रजातींचं नातं धरून काढलेलं रेषीय मॉडेल), आर या सांख्यिकीच्या संगणकभाषेत. खाली येणारी गायगर, केपर, एनएलएमई, एप, फायटूल्स ही सगळी आरची पॅकेजं. झाड जेट्झ-पायरनच्या २०१८ च्या उभयचर वंशवृक्षांतून आपल्या प्रजातींपुरतं उतरवलंय. नेक्सस (झाडं साठवायचा मजकुरी प्रकार) फाइल आहे, आत १०० झाडं.

अडचणी अशा:

१) रीड_एक्सेलनं तक्ता वाचला आणि गायगरचं नेम.चेक चालवलं, तर एकही प्रजाती जुळत नाही असं म्हणतं. "तक्त्यात आहे, झाडात नाही" या यादीत नावांऐवजी "१", "१०", "११" असं दिसतंय.
२) ट्रीडेटानं छाटून घेतल्यावर लॉग काढताना "नॉन-न्यूमेरिक आर्ग्युमेंट".
३) केपरच्या कम्पॅरेटिव्ह.डेटामध्ये दुसरंच झाड वापरून पाहिलं, एका सहकाऱ्याकडचं, बूटस्ट्रॅप आकड्यांसकट (कुठली फांदी किती पक्की ते सांगणारे). तिथं "लेबल्स डुप्लिकेटेड बिटविन टिप्स अँड नोड्स इन फायलोजेनी".
४) एनएलएमईचं जीएलएस आणि एपचं कॉरब्राउनियन घेतलं तर एरर नाही, फक्त एक संदेश येतो. पण उतार जवळजवळ शून्य!
५) इज.अल्ट्रामेट्रिक (सगळी टोकं मुळापासून सारख्याच अंतरावर आहेत का, ही तपासणी) म्हणतं "फॉल्स".

कुठनं सुरुवात करू?

आकडेमोड

चार नंबरपासून. बाकीचे चार तुम्हाला अडवतात तरी. हा एकटा गप्प बसून चुकीचं उत्तर देतो.

तुम्हाला आलेला संदेश साधारण असा असणार: "नो कोव्हेरिएट स्पेसिफाइड, स्पीशीज विल बी टेकन अ‍ॅज ऑर्डर्ड इन द डेटा फ्रेम". एरर नसल्यामुळं लोक तो सोडून देतात. त्याचा अर्थ असा की तक्त्यातली पहिली ओळ म्हणजे झाडाच्या टिप.लेबलमधलं पहिलं टोक, दुसरी ओळ म्हणजे दुसरं टोक, असं गृहीत धरून हिशेब झाला. तुमचा तक्ता बहुतेक अकारविल्हे आहे. झाडातली टोकं नात्याच्या क्रमानं आहेत. म्हणजे हॉप्लोबॅट्रॅकसची लांबी-वारंवारता एखाद्या झुडपी बेडकाच्या जागेवर बसली असणार. लांबी आणि वारंवारता यांची जोडी मोडत नाही, पण कोण कुणाचा नातेवाईक हे पार विस्कटतं, आणि सहप्रसरणाचा सगळा भार चुकीच्या जोड्यांवर पडतो.

एपच्या जुन्या आवृत्त्या ओळींची नावं झाडाशी पडताळून जुळवून घ्यायच्या. नव्या आवृत्त्यांत फॉर्म द्यावा लागतो. त्यामुळं इंटरनेटवरची जुनी उदाहरणं जशीच्या तशी उतरवली की हाच खड्डा.

जीएलएस(लॉग(वारंवारता) ~ लॉग(लांबी), डेटा = तक्ता,
  कोरिलेशन = कॉरब्राउनियन(१, फाय = झाड, फॉर्म = ~प्रजाती),
  मेथड = "एमएल")

"प्रजाती" हा तक्त्यातला स्तंभ, आणि त्यातली नावं टिप.लेबलशी अक्षर न् अक्षर सारखी हवीत.

बरोबर झालंय का हे तपासायची खात्रीशीर युक्ती: तक्त्याच्या ओळी पिसून घ्या आणि तेच मॉडेल पुन्हा चालवा.

तक्ता२ = तक्ता[सॅम्पल(एनरो(तक्ता)), ]

उतार आणि प्रमाणत्रुटी शेवटच्या आकड्यापर्यंत तीच आली पाहिजे. बदलली तर हिशेब अजून ओळींच्या क्रमावरच चाललाय. फायटूल्सच्या फायलोसिगला (एखाद्या मापात नात्याचा ठसा, म्हणजे सिग्नल, किती ते मोजणारं) हीच कसोटी लावा. त्यात व्हेक्टरला नावं नसतील तर तेही टिप.लेबलचा क्रम धरून चालतं. तक्ता$लांबी असं डॉलरनं काढलं की नावं गळतात, म्हणून सेटनेम्स(तक्ता$लांबी, तक्ता$प्रजाती) असंच द्यायचं.

शाहूपुरी_तिसरी_गल्ली

केपरचं सोपं हाय भावा. त्या झाडात नोडवर (फाट्यांवर) बूटस्ट्रॅप लिहिलेत. १००, १००, ९८, १००… केपरला टोकं आणि नोड मिळून सगळी लेबलं वेगवेगळी लागतात. दोन "१००" दिसले की ते फाइल फेकून देतं. पीजीएलएसला बूटस्ट्रॅप लागतातच कुठं?

झाड$नोड.लेबल = नल

झालं काम. मूळ फाइल मात्र तशीच ठेव, आकृती काढताना लागंल.

आणि तिथंच दुसरा खड्डा हाय, त्यो कुणी सांगत नाही. कम्पॅरेटिव्ह.डेटामध्ये एनए.ओमिट (रिकामं घर असलेली ओळ काढून टाकणं) मुळातच "ट्रू" असतं. ते नुसतं तुझ्या दोन स्तंभांत बघत नाही, तक्त्यातल्या *सगळ्या* स्तंभांत बघतं. शेवटी एखादा "शेरा" नावाचा स्तंभ ठेवला असशील आणि तो निम्म्या ओळींत रिकामा असंल, तर निम्म्या प्रजाती गुपचूप गेल्या. आधी प्रजाती, लांबी, वारंवारता एवढेच तीन स्तंभ काढून घे, मग दे. वॉर्न.ड्रॉप्ड = ट्रू ठेव, आणि झाल्यावर किती टोकं उरली ते मोज. ४६ म्हणजे ४६च.

कात्यायनी

नेम.चेकचं उत्तर तुमच्या पोस्टमध्येच आहे. "१", "१०", "११" ही ओळींची नावं आहेत. रीड_एक्सेल टिबल (तक्त्याचा नवा प्रकार) देतं, टिबलला ओळींची नावं नसतात, आणि नेम.चेक व ट्रीडेटा दोन्ही ओळींचीच नावं बघतात. म्हणून:

तक्ता = अ‍ॅज.डेटा.फ्रेम(तक्ता)
रोनेम्स(तक्ता) = तक्ता$प्रजाती

इथं "डुप्लिकेट रो.नेम्स" असा एरर आला तर तो वरदान समजा. एकच प्रजाती दोनदा लिहिली गेलीय. नंतर डीप्लायरच्या कुठल्याही पायरीत ओळींची नावं पुन्हा उडू शकतात, म्हणून ही ओळ अगदी शेवटी, ट्रीडेटाच्या लगेच आधी.

आता खरी डोकेदुखी. एवढं केल्यावरही काही नावं उरतील, आणि ती हातानंच निस्तरावी लागतात. प्रथम दोन्ही बाजूंनी फरक काढा:

सेटडिफ(तक्ता$प्रजाती, झाड$टिप.लेबल)
सेटडिफ(झाड$टिप.लेबल, तक्ता$प्रजाती)

दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की कारणं दिसायला लागतात. आपल्या भागातल्या बेडकांत हमखास सापडणारी:

प्रजात (जीनस, नावातला पहिला शब्द) बदललेली. बुफो मेलॅनोस्टिक्टस आता डट्टाफ्रायनस. बुफो कोयनाएन्सिस २००९ पासून झॅन्थोफ्राइन. फिलॉटस बॉम्बायेन्सिस आता राओर्केस्टिस. फेजरवर्याचं तर विचारूच नका: मधे झाकेराना झालं, २०१८ पासून मिनर्व्हर्या. झाड ज्या काळच्या वर्गीकरणावर बांधलंय त्या काळचंच नाव त्यात असणार, तुमचा तक्ता कितीही अद्ययावत असो.

प्रजात बदलली की शेपूटही बदलतं. राना टायगरिना, पण हॉप्लोबॅट्रॅकस टायगरिनस. पहिला शब्द बदलून "सगळं केलं" म्हणणारे इथं अडकतात.

स्पेलिंगची "दुरुस्ती". मिनर्व्हर्या सिहाद्रेन्सिस हे नाव १९१९ साली एस-वाय-एच असं लिहिलं गेलं, आणि तेच अधिकृत आहे. सह्याद्री डोक्यात असल्यामुळं टंकताना एस-ए-एच होतं. नाव जुळत नाही आणि डोळ्यांना फरक दिसत नाही.

उपाय एकच: एक वेगळी छोटी फाइल करा. पहिला स्तंभ तक्त्यातलं नाव, दुसरा झाडातलं नाव, तिसरा कारण. मर्ज करून नवीन स्तंभ आणा. मूळ नाव खोडू नका. अ‍ॅग्रेपसारख्या अंदाजे जुळवणीवर सोडू नका. ती यादी सुचवायला ठीक, ठरवायला नाही. आणि एक प्रजाती पुढं दोनांत विभागली गेली असेल तर तुमचं माप त्यांतल्या कुणाचं हे नमुन्याच्या ठिकाणावरूनच ठरेल. ते काम सॉफ्टवेअर करणार नाही.

रंकाळा_चौपाटी

नॉन-न्यूमेरिकचं कारण: ट्रीडेटा परत देताना तक्त्याचं मॅट्रिक्स करतं. मॅट्रिक्समध्ये एकच प्रकार राहू शकतो. एखादा स्तंभ अक्षरांचा असला (प्रजाती, ठिकाण, शेरा) की लांबी आणि वारंवारतासुद्धा अक्षरं होऊन बसतात. त्याच्याकडून फक्त छाटलेलं झाड घ्या, आणि तक्ता आपला मूळचाच नावांनी छाटा:

निकाल = ट्रीडेटा(झाड, तक्ता, सॉर्ट = ट्रू)
झाड = निकाल$फाय
तक्ता = तक्ता[झाड$टिप.लेबल, ]

शेवटची ओळ तक्ता झाडाच्या क्रमात लावते. सॉर्ट सांगितलं नाही तर ट्रीडेटा ओळी झाडाच्या क्रमात लावत नाही, हेही बऱ्याच जणांना माहीत नसतं.

तरीही आकडे अक्षरंच राहिले तर एसटीआर(तक्ता) बघा. तुमच्या एक्सेलमध्ये कुणी मराठी कीबोर्डवरून "४२.५" टंकलंय का? एका घरात देवनागरी आकडा असला की अख्खा स्तंभ अक्षरांचा. अ‍ॅज.न्यूमेरिक केल्यावर तेवढ्या घरांत एनए येतं, मग एनए.ओमिट त्या प्रजाती उडवतं. विच(इज.एनए(अ‍ॅज.न्यूमेरिक(तक्ता$लांबी))) चालवलं की नेमक्या ओळी सापडतात.

कात्यायनी

रंकाळा म्हणतात ते खरं, आणि त्याच जातीचं आणखी एक. पीडीएफ किंवा संकेतस्थळावरून नावं चिकटवली की नावातल्या दोन शब्दांमधली रिकामी जागा साधी नसून नॉन-ब्रेकिंग असते. दिसायला सारखीच. यूटीएफ८टूइंट नावाला लावून बघा: साधी जागा ३२, ही १६०. ट्रिमडब्ल्यूएस आपणहून ती काढत नाही, आणि काढली तरी फक्त कडेची; मधली तशीच. त्यामुळं जीसबनं आधी १६० नंबरचं अक्षर साध्या जागेत बदला, मग साध्या जागा अंडरस्कोरमध्ये. झाडाकडून उलटं करायच्या फंदात पडू नका. न्यूइक (झाड कंसांनी लिहायची पद्धत) फाइलीत अवतरणचिन्हाविना रिकामी जागा चालत नाही, अंडरस्कोरच बरा. नावात कंस, स्वल्पविराम, अपूर्णविराम, अर्धविराम तर अजिबात नकोत. ती त्या लिपीची विरामचिन्हं आहेत.

सीएसव्हीत पहिल्या स्तंभाचं नाव विचित्र येत असेल तर फाइलच्या सुरुवातीला बॉम (न दिसणारी खूण) आहे. फाइलएन्कोडिंग = "यूटीएफ-८-बॉम" द्या.

दाजीपूरकर

दंडवत घ्या सगळ्यांनी. फॉर्म दिल्यावर उतार ऋण आला, ओळी पिसूनही तोच राहिला. स्तंभात तीन देवनागरी आकडे निघाले, "सिहाद्रेन्सिस"ही निघाला.

आता पुढचं. ब्राउनियनऐवजी कॉरपेजल लावलं तर कधी "फॉल्स कन्व्हर्जन्स", कधी लॅम्डा (नात्याचा प्रभाव किती, तो आकडा) १ च्या वर. आणि अल्ट्रामेट्रिकचं काय करू? एका ठिकाणी फोर्स.अल्ट्रामेट्रिक चालवा म्हणून लिहिलंय.

मसाईचा_वारा

थांबा, फोर्स आधी नको. झाड किती वाकडं आहे ते मोजा. मुळापासून प्रत्येक टोकाचं अंतर:

खोली = नोड.डेप्थ.एजलेंग्थ(झाड)[१:एनटिप(झाड)]
रेंज(खोली)

इज.अल्ट्रामेट्रिकची मुभा फार बारीक असते, सापेक्ष फरक साधारण ०.०००००००१५ एवढाच. झाड फाइलीत लिहिताना फांद्यांची लांबी ठरावीक आकड्यांपर्यंत तोडली जाते. मुळापासून टोकापर्यंत पंधरा-वीस फांद्या बेरजेला आल्या की ते तुकडे साठतात आणि कसोटी नापास होते. तुमचं झाड कालमापित आहे, म्हणजे फरक सहाव्या-सातव्या दशांशात असणार. तसं असेल तर फोर्स.अल्ट्रामेट्रिक चालेल. मेथड "एनएनएलएस" सगळ्या फांद्यांत थोडा थोडा फरक वाटतो आणि त्याला फँगॉर्न पॅकेज लागतं. "एक्स्टेंड" फक्त टोकाच्या फांद्या ताणतं. फरक इतका सूक्ष्म असताना कुठलंही घ्या.

पण रेंजमध्ये ०.८ ते १.९ असं काही दिसलं तर ते झाड काळाचं नाहीच. ते आयक्यू-ट्री किंवा रॅक्सएमएलमधून (डीएनएवरून झाड बांधणारी सॉफ्टवेअर) आलेलं, फांद्या म्हणजे दर जागेमागचे बदल. त्यावर फोर्स.अल्ट्रामेट्रिक मारणं म्हणजे उत्तर बनवणं. फायटूल्सच्या मदतपानातच हा इशारा दिलेला आहे. अशा झाडाला एपचं क्रोनॉस वापरा. वयाचे आधारबिंदू मेकक्रोनॉसकॅलिबनं द्या. काहीच दिलं नाही तर मूळ १ धरून सापेक्ष वयं मिळतात, पीजीएलएसला तेवढी पुरतात.

आकडेमोड

किंवा अल्ट्रामेट्रिक करूच नका. पीजीएलएसला ती अट नाही. फक्त टोकांची खोली वेगवेगळी असते तेव्हा प्रसरणही वेगवेगळं असतं, ते जीएलएसला सांगावं लागतं:

तक्ता$भार = डायग(व्हीसीव्ही(झाड))[तक्ता$प्रजाती]
… वेट्स = व्हारफिक्स्ड(~भार)

चौकटी कंसातलं नाव विसरलात तर पुन्हा तोच क्रमाचा घोळ.

लॅम्डाबद्दल. कॉरपेजल शोध घेताना १ च्या पलीकडं जाऊ शकतं, तिथं मॅट्रिक्स धनात्मक राहत नाही आणि शोध कोलमडतो. पहिला प्रयत्न: सुरुवात ०.५ पासून करा, १ पासून नको. दुसरा: फांद्यांचं माप बदला, झाड$एज.लेंग्थला १०० नं गुणा किंवा भागा. लॅम्डावर परिणाम होत नाही, पण शोधणाऱ्याला पायऱ्या नीट पडतात. हे दोन्ही फसले तर हट्ट सोडा आणि लॅम्डा स्वतः धरून चला. ०, ०.०१, ०.०२ असं १ पर्यंत १०१ मॉडेलं, प्रत्येकात फिक्स्ड = ट्रू, मेथड "एमएल", आणि प्रत्येकाचा लॉगलाइक. आलेख काढा. शिखरापासून १.९२ खाली रेघ मारा. त्या रेघेच्या वरचा पट्टा म्हणजे साधारण ९५ टक्के विश्वासमर्यादा.

हा आलेख बघितल्याशिवाय लॅम्डाचा एक आकडा छापू नये असं माझं ठाम मत आहे. ४६ प्रजातींत पट्टा बऱ्याचदा इतका पसरतो की "लॅम्डा ०.७१" म्हणण्यात काही राम नसतो. केपरचं पीजीएलएस लॅम्डाला ०.०००००१ ते १ मध्येच बांधून ठेवतं, म्हणून ते कोसळत नाही. पण उत्तर हद्दीवर चिकटलं तरी ते निमूट देतं.

शाहूपुरी_तिसरी_गल्ली

मी तर आधी फायलोसिग लावतो. लांबीत सिग्नल नसंल तर साधं एलएम (नातं न धरणारं रेषीय मॉडेल). कशाला एवढा कुटाणा?

आकडेमोड

तिथंच चुकतं, राव. पीजीएलएसमध्ये नात्याचा परिणाम शेषांवर (मॉडेलनं न सांगितलेल्या उरलेल्या फरकावर) धरलेला असतो, लांबीवर किंवा वारंवारतेवर सुटासुटा नाही. लांबीत जोरदार सिग्नल असूनही शेषांत काहीच नसू शकतं, आणि उलटही. रेव्हेलनं २०१० साली हेच मांडलंय. लॅम्डा मॉडेलसोबतच काढायचा. तो शून्याकडं गेला तर पीजीएलएस आपोआप साध्या एलएमजवळ येतं. आधी चाचणी, मग निवड, असं दोन टप्प्यांत करायचं कारणच नाही.

शाहूपुरी_तिसरी_गल्ली

पटलं. नाद खुळा.

कंदीलपुष्प

मधेच घुसते, माफ करा, पण विषय जवळचा आहे. सेरोपेजियाचं (कंदीलपुष्पांचं) वंशवृक्षाचं झाड, आयक्यू-ट्रीमधून. ब्रॅकीस्टेल्मा बाह्यगट (मूळ कुठं ते ठरवायला घेतलेला बाहेरचा नातेवाईक) म्हणून दिला तर रूट म्हणतं "द स्पेसिफाइड आउटग्रुप इज नॉट मोनोफायलेटिक". एकच ब्रॅकीस्टेल्मा ठेवून मूळ बसवलं तर बसलं, पण आधारांचे आकडे भलत्याच फांद्यांवर गेल्यासारखे वाटतात. नोडवर "९८.२/१००" असं लिहिलेलं आहे.

मसाईचा_वारा

ताई, सॉफ्टवेअर बरोबर आहे. ब्रॅकीस्टेल्मा सेरोपेजियाच्या आतच येतं, बाहेर नाही. कॅरलुमासकट सगळे स्टॅपेलिअड (त्याच कुळातल्या मांसल खोडांच्या वनस्पती) सुद्धा आतच. २०१७ मध्ये तर हे सगळं सेरोपेजियात विलीनच करून टाकलं गेलं. घरातल्या माणसाला बाहेरचा धरून मूळ बसवलं की झाड उलटंपालटं होणारच, आणि एकच टोक ठेवल्यानं एरर फक्त गप्प झाला. बाह्यगट निदान लेप्टाडेनिया (आपली जीवंती) किंवा हेटरोस्टेमा इतका दूरचा घ्या. शक्यतो दोन प्रजाती घ्या, म्हणजे त्या एकत्र येतात का हेही कळतं.

आधारांचे आकडे फाइलीत नोडवर लिहिले असले तरी ते खरं म्हणजे फांदीचे असतात: ही फांदी तोडली तर दोन्ही बाजूंचे गट किती पक्के, हे ते सांगतात. मूळ हलवलं की जुन्या आणि नव्या मुळाच्या दरम्यानच्या फांद्यांची दिशा उलटते आणि नोडचा आकडा एक फांदी सरकतो. म्हणून:

रूट(झाड, आउटग्रुप = क("…", "…"), रिझॉल्व्ह.रूट = ट्रू, एजलेबल = ट्रू)

एजलेबल विसरायचं नाही. रिझॉल्व्ह.रूट मुळाशी शून्य लांबीची एक फांदी घालतं, ती दिसली तर दचकू नका.

"९८.२/१००" मध्ये डावीकडचा एसएच-एएलआरटी, उजवीकडचा अल्ट्राफास्ट बूटस्ट्रॅप. पहिला ८० आणि दुसरा ९५ किंवा वर असेल तर गट धरण्याजोगा. साध्या बूटस्ट्रॅपची ७० ची सवय इथं लावू नका.

आणि टिप.लेबलमध्ये उद्यानातल्या वेलीचा क्रमांक किंवा "(पन्हाळा)" असं कंसात लिहिलं असेल तर आयक्यू-ट्रीनं ते कंस अंडरस्कोर केले असतील. तक्त्यातही तसेच करून घ्या, नाहीतर वर कात्यायनी मॅडमनी सांगितलेला सगळा खेळ पुन्हा.

कंदीलपुष्प

जीवंतीचा डीएनए-क्रम आहे माझ्याकडं. एजलेबलनं आकडे जागेवर आले. पण आता "सिस्टिम इज कम्प्युटेशनली सिंग्युलर".

मसाईचा_वारा

दोन टोकांमधलं अंतर शून्य आहे, म्हणजे मॅट्रिक्सच्या दोन ओळी तंतोतंत सारख्या. कोफेनेटिक(झाड) काढा आणि कर्णाबाहेर शून्य कुठं आहे ते बघा. बहुधा एकाच प्रजातीचे दोन नमुने, डीएनए-क्रम अगदी सारखा. एक ठेवा, दुसरा ड्रॉप.टिपनं काढा. प्रजाती खरोखर वेगळ्या असतील आणि नेमका तो जनुकखंडच सारखा निघाला असेल, तर टोकाच्या त्या फांद्यांना झाडाच्या एकूण खोलीच्या दशलक्षांशाइतकी लांबी द्या आणि तसं लेखात लिहा.

मल्टी२डीआय (तीन-चार फाटे एकत्र असतील तर ते दोन-दोनांत फोडणारं) चालवलं होतं का? तेही शून्य लांबीच्या फांद्या घालतं. त्या आतल्या असतात, त्यामुळं एकट्यानं मॅट्रिक्स बिघडत नाही. पण मुळात त्याची गरज फक्त पिकसारख्या, दुहेरी फाटाच मागणाऱ्या फंक्शनला. जीएलएसला तीन फाटे एकत्र फुटलेले चालतात. उगाच सवयीनं मल्टी२डीआय मारू नये. ते फाटे यादृच्छिक फोडतं आणि दर वेळी वेगळं झाड येतं.

दाजीपूरकर

शेवटचे तीन. एक: झाडाशेजारी लांबीचे पट्टे काढले तर लॅडराइझ (फांद्या लहान-मोठ्या क्रमानं लावणं) केल्यावर पट्टे चुकीच्या बेडकापुढं येतात. दोन: ट्री[१] दिलं तर गायगर रुसतं. तीन: १०० झाडांतलं कुठलं घेऊ? एकमताचं झाड काढू का?

रंकाळा_चौपाटी

एक: लॅडराइझनं चित्रातला क्रम बदलतो, टिप.लेबलचा नाही. चित्रातला क्रम एज मॅट्रिक्सच्या दुसऱ्या स्तंभात असतो. त्यातले एनटिपपर्यंतचे आकडे ज्या क्रमानं येतात तोच खालून वरचा क्रम. सोपी पळवाट: झाड राइट.ट्रीनं मजकुरात काढायचं आणि रीड.ट्री(टेक्स्ट = …) नं परत वाचायचं, दोन्ही क्रम एक होतात. जीजीट्री वापरत असाल तर तक्त्याचा पहिला स्तंभ टोकांच्या नावांचाच हवा, तो त्यावरूनच जोडतो.

दोन: एका चौकटी कंसानं यादीच मिळते, एकाच झाडाची. ट्री[[१]] दोन कंसांत.

आकडेमोड

तीन: एकमताचं झाड नको. फांद्यांची लांबी एकतर जाते किंवा तिचा अर्थ बदलतो. शंभरही झाडांवर तेच मॉडेल लॅपलायनं चालवा आणि उताराचा मध्यक आणि पसारा द्या. शंभर मॉडेलं म्हणजे साध्या लॅपटॉपवरही चहा होईपर्यंतचं काम.

एक गोष्ट मात्र लक्षात घ्या. त्या झाडांत ७,२३८ प्रजाती आहेत, पण डीएनए निम्म्याहून थोड्या जास्त प्रजातींचाच होता. बाकीच्या वर्गीकरणाच्या आधारे आपापल्या गटात यादृच्छिक बसवल्यात, दर झाडात वेगळ्या जागी. आपल्याकडचे झुडपी बेडूक त्यात किती आहेत ते आधी तपासा. अशा टोकांमुळं लॅम्डा खाली ओढला जातो, कारण नातं खरं नसून चिठ्ठी टाकून ठरवलेलं असतं. विश्लेषण दोनदा करा: एकदा सगळ्या प्रजाती घेऊन, एकदा फक्त डीएनए असलेल्या. उतार दोन्हीकडं टिकला तर निर्धास्त छापा. लॅम्डाबद्दल बोलायचं असेल तर फक्त दुसऱ्या संचावरून बोला.

दाजीपूरकर

दोन्ही संचांवर चालवलं. उतार दोन्हीकडं ऋण, लॅम्डाचा पट्टा पहिल्या संचात जास्त खाली उतरतो, अगदी तुम्ही म्हणालात तसा. आता छाटलेली झाडं जपून ठेवायची आहेत. राइट.नेक्ससनं लिहू?

मसाईचा_वारा

दुसऱ्यांना द्यायला नेक्सस ठीक. स्वतःसाठी सेव्हआरडीएस. मजकुरात लिहिलं की फांद्यांचे आकडे पुन्हा तुटतात आणि पुढच्या वेळी इज.अल्ट्रामेट्रिक परत "फॉल्स" म्हणेल. राइट.ट्री वापरायचंच असेल तर डिजिट्स मुळात १० असतात, ते १५ करा. सोबत सेशनइन्फोचा मजकूर त्याच फोल्डरमध्ये टाका, एपची आवृत्ती त्यात नोंदली जाते. कॉरब्राउनियनचं वागणं आवृत्तीगणिक बदललंय, ते वर आलंच आहे.

कात्यायनी

आणि ती नावांची तीन स्तंभांची फाइलसुद्धा त्याच फोल्डरात, सीएसव्ही म्हणून. परीक्षक पहिला प्रश्न तिच्यावरच विचारतो.